पायमोजे घातलेली कोंबडी : कोकणातल्या परसात कोचीन

आमच्या परसात पहिल्यांदा कोचीन आली तेव्हा शेजारच्या काकू गडग्यावरून वाकून बघत म्हणाल्या, "अगो, हिचे पाय सुजले की काय?" सुजले नव्हते. कोचीनला मांडीपासून थेट बोटांपर्यंत पिसं असतात, लोकरीचे पायमोजे घातल्यासारखी. थंड देशात त्या पायमोज्यांचं कौतुक होतं. आपल्याकडे मृग लागला की तेच पायमोजे चिखलात भिजतात, वाळत नाहीत, कुजतात आणि मग जखमा, किडे, लंगडणं असं एकेक सुरू होतं. माझ्या पहिल्या चार कोंबड्यांपैकी दोन पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. त्या कसल्याशा आजाराने गेल्या असं मी बरेच दिवस सांगत होते. खरं म्हणजे त्या ओल्या जमिनीने गेल्या.

तेव्हापासून माझा हिशेब साधा झालाय. कोकणात कोचीन पाळायची म्हणजे पावसाचे चार महिने तिचे पाय कोरडे ठेवायचे. खुराडा कुठे बांधायचा, जमीन कशी करायची, पिल्लं कुठल्या महिन्यात काढायची, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

नाव कोचीन, गाव शांघाय

केरळातल्या कोचीनशी हिचा संबंध नाही. १८४० च्या दशकात चीनमधून, मुख्यतः शांघायच्या बाजूने, या कोंबड्या ब्रिटनमध्ये पोचल्या. आजच्या दक्षिण व्हिएतनामला युरोपीय लोक कोचीनचायना म्हणत. ते नाव चुकून या कोंबड्यांना चिकटलं, पुढे त्यातलं 'चायना' गळून पडलं आणि 'कोचीन' उरलं. एवढी मोठी, एवढी गुबगुबीत कोंबडी तिकडे कोणी पाहिली नव्हती. इंग्लंड-अमेरिकेत कोंबड्यांचं असं वेड पसरलं की त्याला 'हेन फीव्हर' म्हणजे कोंबडीज्वर असं नाव पडलं. १८७४ मध्ये अमेरिकेतल्या प्रमाणित जातींच्या यादीत कोचीनला जागा मिळाली. पिवळसर बदामी ऑर्पिंग्टन घडवतानाही हिचंच रक्त वापरलं गेलं.

मोठ्या जातीचा कोंबडा ५ किलोच्या आसपास भरतो, कोंबडी ४ किलोपेक्षा थोडी कमी. बँटम, म्हणजे बुटकी कोचीन, पाऊण ते एक किलोची. रंग बदामी, काळा, पांढरा, निळसर राखाडी, तित्तिरासारखा नक्षीदार असे बरेच. काहींची पिसं उलटी वळलेली असतात. त्यांना फ्रिझल म्हणतात. फ्रिझल दिसायला मजेदार, पण पिसं उलटी असल्यामुळे पावसाचं पाणी थेट कातडीपर्यंत जातं. आपल्या हवेत नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये.

अंड्यांचं आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी शिव्या देणार नाही. तलंग, म्हणजे अजून अंडं न दिलेली तरणी कोंबडी, अंड्यावर यायला सात-आठ महिने लागतात. पुस्तकी आकडा वर्षाला दीडशेच्या आसपास फिक्कट तपकिरी अंड्यांचा आहे, पण ही कोंबडी सारखी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, आणि खुडूक असताना अंडं देत नाही, त्यामुळे तेवढी धरून चालू नका. अंड्यांसाठीच पाळायच्या असतील तर वनराजा, गिरिराज किंवा चांगली गावठी घ्या. कोचीन घ्यायची ती दोन गोष्टींसाठी. एक, तिचा स्वभाव : पोरांच्या मांडीवर बसून राहील, भिंत ओलांडून शेजाऱ्यांच्या मिरच्या उकरायला जाणार नाही, कारण तिला धड उडताच येत नाही. दोन, तिची खुडूक. लोक जिला खोड म्हणतात तीच कोकणातल्या परसात हिची खरी कमाई आहे. त्यावर पुढे सविस्तर येईनच.

काय घ्यायचं आणि कधी

आपल्याकडे शोभेच्या कोंबड्या विकणाऱ्यांकडे 'कोचीन' म्हणून जास्त करून बँटमच मिळते. मोठी हवी असेल तर विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा आणि आई-बाप दाखवायला सांगा. पिल्लावरून मोठी की बुटकी हे ठरवणं कठीण असतं. पहिल्यांदाच पाळत असाल तर माझं मत बँटमच्या बाजूने आहे. जागा कमी लागते, उन्हाळा थोडा बरा सोसते आणि पाऊण किलोची कोंबडी अंड्यांवर बसली तर अंडी फुटत नाहीत.

घेताना बघायच्या गोष्टी : तुरा एकेरी, सरळ, पाच दात्यांचा. शेपटी आखूड, उशीसारखी गोल. पिसं मधल्या आणि बाहेरच्या बोटांपर्यंत आलेली. नुसती नळीवर चार पिसं असतील तर ती गावठीशी झालेली जोड आहे. मग पायाची पिसं हाताने बाजूला करून खालचे खवले बघा. खवले सपाट, चकचकीत हवेत. वर उचललेले, खाली पांढरी खडबड असेल तर ती कोंबडी कितीही देखणी असो, परत ठेवा. शेपटीखालची पिसं शिटाने चिकटलेली असतील तरीही परत ठेवा.

वय चार-पाच महिन्यांचं घ्या. एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांत निम्मे कोंबडे निघतात आणि कोचीनचे नर इतक्या उशिरा पिसावतात की दोन-अडीच महिन्यांपर्यंत खात्री देता येत नाही. उघड्या पाठीचं, अर्धवट पिसांचं पिल्लू दिसलं की तो बहुतेक कोंबडाच.

आणायचा काळ दिवाळी ते शिमगा. पाऊस संपलेला, हवा बरी, आणि पुढच्या मृगापर्यंत कोंबडीला तुमची जागा अंगवळणी पडायला तीन ते सात महिने मिळतात. मे महिन्याच्या उन्हात एसटीच्या डिकीतून खोक्यात घालून आणलेली कोंबडी घरी पोचेपर्यंत अर्धमेली होते. जून ते सप्टेंबर तर आणूच नका.

किती? एक कोंबडा आणि चार-पाच कोंबड्या. पिल्लं नको असतील तर कोंबडा नसला तरी चालतं. अंडी त्याच्याशिवायही येतात.

खुराडा

सगळा खर्च इथे करा. खाण्यात, कोंबडीच्या किमतीत काटकसर केलीत तर एक वेळ निभेल, खुराड्यात केलीत तर पावसाळा ते वसूल करील.

जागा उंचवट्याची शोधा. वाडीत पोफळीखाली सावली छान असते, पण शिंपण्याच्या पाटामुळे जमीन बाराही महिने ओली, तेव्हा तिथे नको. घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू उत्तम, कारण आपला पाऊस नैऋत्येकडून तिरका मारतो आणि घर स्वतःच आडोसा देतं. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत येत नाही.

चिऱ्यांचा किमान दीड फूट उंच चौथरा घाला आणि वर कोबा करा, एका बाजूला थोडा उतार देऊन. उघडा चिरा पाणी शोषतो आणि आतून गारठा धरतो, म्हणून कोबा हवाच. मोठ्या कोचीनला आत प्रत्येकी ५ चौरस फूट जागा धरा, बँटमला अडीच. भिंत तळाला दीड-दोन फूट चिऱ्याची आणि वर छपरापर्यंत जाळी. हवा खेळलीच पाहिजे. कोकणात थंडीने कोंबडी मरत नाही, कोंदट हवेने मरते.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेशची घ्या. षटकोनी भोकांची 'कोंबडीजाळी' नावापुरतीच. मुंगूस ती वाकवतो आणि सापाला तर ती दारच आहे. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने साधी जाळी दोन-तीन वर्षांत गंजून हातात येते, तेव्हा प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या किंवा दर दिवाळीला रंग द्या.

छप्पर मंगलोरी कौलांचं. पत्रा स्वस्त, पण एप्रिल-मेमध्ये त्याखाली भट्टी होते. पत्राच असेल तर वर झापं टाका. पावसाच्या बाजूला छप्पर तीन फूट तरी बाहेर काढा. आमचं पहिलं दीड फूट होतं. त्या दीड फुटाच्या फरकाने निम्मी जमीन रोज भिजायची.

बसायची दांडी उंच नको. अवजड कोंबडी वरून उडी मारते आणि पायाच्या तळव्यावर आदळते. त्यातून तळव्याला गळू होतं. जमिनीपासून एक फूट पुरे, आणि दांडी गोल बांबूची नको, चार इंच रुंद सपाट फळीची, कडा घासलेल्या. कित्येक कोचीन दांडीवर चढतच नाहीत, खालीच बसून झोपतात. झोपू द्या, पण मग खालचं अंथरूण रोज बघा. अंड्यांचे खोकेही जमिनीलगत ठेवा, मोठ्या जातीला १५ इंच लांब-रुंद.

अंथरूण म्हणजे भाताचं तूस. गिरणीवर पोत्याने मिळतं. तीन-चार इंच थर, पावसाळ्यात पाच. आठवड्यातून दोनदा फावड्याने वरखाली करायचं, ओला गठ्ठा दिसला की काढून टाकायचा आणि त्या जागी थोडी चुन्याची भुकटी मिसळायची. पेंढा टाळा. तो पाणी धरतो, बुरशीतो आणि पायातल्या पिसांत गुंततो. कधी बदलायचं हे कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. कोंबडीच्या उंचीला खाली बसून श्वास घ्या. नाकाला झोंबलं तर अमोनिया झालाय, आजच बदला. जुनं तूस नारळाच्या आळ्यात जातं, फुकट नाही जात.

काही जण पावसाळ्यासाठी पोफळीच्या रिपांचा माचा करून त्यावर कोंबड्या ठेवतात. गावठीला चालतं. कोचीनचं वजन आणि बोटांवरची पिसं बघता रिपांच्या फटीत नखं अडकतात. जाळीची जमीन तर त्याहून वाईट.

फिरायला अंगण हवंच, पण पावसाळ्यासाठी त्यातला एक तुकडा छपराखाली घ्या. आम्ही पडवीलगत आठ बाय दहाची जागा झाकून घेतली आणि तिथे समुद्रावरची नव्हे, नदीची जाडी वाळू टाकली. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ती ओल ओढते. पाऊस उघडून जमीन निथळेपर्यंत कोंबड्या तिथेच. गावठ्या बाहेर भिजत किडे वेचत असतात आणि या आपल्या छपराखाली उभ्या राहून त्यांच्याकडे बघत असतात.

आणल्यावरचे पहिले तीन आठवडे

घरात आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना तीन आठवडे वेगळं ठेवा, शक्यतो घराच्या दुसऱ्या अंगाला. खाणं-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, आणि चपला वेगळ्या. त्यानंतर एकदम सोडू नका. चार दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकींना बघू द्या, मग संध्याकाळच्या वेळी एकत्र करा.

गावठ्या कोंबड्या कोचीनला दाबतात हे लक्षात ठेवा. ही भांडत नाही, मागे सरते आणि उपाशी राहते. खाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, लांब-लांब ठेवली की प्रश्न मिटतो.

खाणं : कणीचा मोह आवरा

कोकणात कोंबडी म्हटली की मूठभर तांदळाची कणी भिरकावायची आणि विसरायचं. गावठी दिवसभर रान फिरून बाकीचं मिळवते. कोचीन फिरत नाही. ती कणी खाते, बसते आणि चरबी धरते. चरबी धरलेली कोंबडी अंडं कमी देते आणि उन्हाळ्यात सगळ्यांत आधी कोसळते. दर महिन्याला छातीचं हाड चाचपून बघा. पिसांमुळे डोळ्यांना काही कळत नाही. हाड हाताला लागलं पाहिजे. ते मांसाच्या गादीत बुडालं असेल तर कणी बंद.

पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत २० टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, पुढे अंड्यावर येईपर्यंत १६ टक्क्यांचं ग्रोअर, मग लेयरचं खाद्य. लेयरमध्ये कॅल्शियम जास्त असतं, ते लहान पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतं, म्हणून आधी सुरू करू नका. तालुक्याच्या दुकानात ब्रॉयलरचं खाद्य पटकन मिळतं. ते कोचीनला नको. वजन भराभर वाढतं आणि पाय ते पेलत नाहीत. मोठ्या कोचीनला दिवसाला १३० ते १५० ग्रॅम पुरे, बँटमला ५० ते ६०. कणी, नाचणी, शिळा भात हे सगळं मिळून यातला दहावा हिस्सा, तोही संध्याकाळी. शेवग्याचा पाला मात्र मनसोक्त द्या.

दोन गोष्टी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जवळजवळ फुकट मिळतात. पहिली, शिंपले. तिसऱ्या, कालवं खाऊन झाली की कवचं उकळून, गोड्या पाण्यात दोनदा धुवून, उन्हात खडखडीत वाळवून जाडसर कुटायची आणि वेगळ्या करवंटीत ठेवायची. खाद्यात मिसळू नका. जिला कॅल्शियम हवं ती स्वतः खाते. दुसरी, सुकट. प्रथिनांसाठी छान, पण बिनमिठाचीच. खारवलेली मासळी कोंबडीला विषासारखी. बिनमिठाचीसुद्धा तासभर भिजवून पाणी ओतून द्या, आणि आठवड्यातून दोनदाच, नाहीतर अंड्याला मासळीचा वास येतो.

पावसाळ्यात खाद्याला बुरशी लागते. शेंगदाण्याची पेंड, खोबऱ्याची पेंड, मका यांत ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करते. ते उकळून किंवा उन्हात टाकून जात नाही. 'थोडंसंच लागलंय, वरचं काढून टाकते' असला हिशेब इथे चालत नाही. खाद्य पंधरा दिवसांपुरतंच आणा, झाकणाच्या पिंपात ठेवा आणि पिंप फळीवर.

पाय, पाय आणि पाय

उरलेल्या वर्षात आठवड्यातून एकदा, पावसात रोज संध्याकाळी कोंबडी मांडीवर घ्यायची आणि पाय बघायचे. पाच मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी कोंबड्या सुस्त असतात, धडपड करत नाहीत.

मृगाच्या आधी मी बाहेरच्या बोटांची लांब पिसं कात्रीने अर्ध्यावर आणते. प्रदर्शनात नेणारे हे वाचून कपाळाला हात लावतील, पण माझी कोंबडी प्रदर्शनात जात नाही, परसात फिरते. एकच खबरदारी घ्यायची : नव्याने फुटलेल्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं आणि बुडाशी तो निळसर-काळा दिसतो. तो कापायचा नाही, ओढायचा तर नाहीच. चुकून कापला गेला तर हळदीची चिमूट लावून दोन मिनिटं घट्ट दाबून धरा. असं रक्ताचं पीस मोडलं की बाकीच्या कोंबड्या तिथे टोचतात, म्हणून रक्त थांबेपर्यंत तिला वेगळी ठेवा.

बोटांना चिखलाचे गोळे चिकटतात. ते ओढून काढले तर नख निघून येतं. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय बुडवून ठेवा, गोळा आपोआप विरघळतो. मग जुन्या धोतराच्या फडक्याने टिपा आणि पिसं पूर्ण वाळेपर्यंत कोंबडी कोरड्या खोक्यात ठेवा. अर्धवट वाळवून सोडण्यापेक्षा न धुतलेली बरी.

पायाची खरूज हा पायावर पिसं असलेल्या जातींचा खास रोग. डोळ्यांना न दिसणारा किडा खवल्यांखाली शिरतो, खवले वर उचलतात, खाली खडूसारखा थर साचतो. पिसांमुळे तो महिनोन् महिने लपून राहतो. उपाय चिकाटीचा आहे. पाय साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने सैल झालेला थर काढा, वाळवा आणि खवल्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडा. खालचा किडा गुदमरतो. दर तीन-चार दिवसांनी, निदान महिनाभर. सगळ्या कोंबड्यांना एकदम करा, दांड्याही घासून घ्या. रॉकेल लावायचा सल्ला अजून मिळतो. त्याने कातडी भाजते. जास्तच पसरलं असेल तर पशुवैद्याकडे औषध आहे. ते दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारून घ्या.

पायांबरोबर शेपटीखालीही बघा. तिथली पिसं इतकी दाट असतात की शिट अडकते, माशी बसते आणि आपल्या दमट हवेत एका दिवसात अळ्या होतात. मी त्या जागेची पिसं बोटभर ठेवून बाकी कापते. त्याचा आणखी फायदा रवणीच्या, म्हणजे कोंबडी अंड्यांवर बसवायच्या, वेळी होतो, तो पुढे.

एप्रिल-मे

कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकून अंग निववते. हवेतच ओल भरलेली असली की ती धापही कमी पडते. म्हणून देशावरचा ओलं गोणपाट टांगायचा उपाय आपल्याकडे फारसा कामाचा नाही. त्याने आतली ओल वाढते, गारवा बेताचाच. वारा हवा. जाळी उघडी ठेवा, जमलं तर पंखा लावा.

खाद्य पहाटे आणि दिवस मावळताना. दुपारी पोटात अन्न पचत असलं की अंगातली उष्णता वाढते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. उथळ परातीत दोन इंच पाणी ठेवलं तर त्या त्यात पाय बुडवून उभ्या राहतात आणि बरं वाटतं. मे महिन्यात ते चालतं, कारण तासाभरात पाय वाळतात. पहिला पाऊस पडला की ती परात उचलायची.

रवण

खुडूक कोंबडी सगळ्यांना माहीत आहे : खोक्यातून उठत नाही, अंग फुलवते, हात नेला की गुरगुरते. कोचीन हे सगळं जास्त चिकाटीने करते. खाली अंडी नसली तर नारळाच्या कवडीवर बसेल. आमची एक करवंटीवर आठवडाभर बसली होती.

म्हणून गावात कोणाची गावठी रवणीला बसत नसली की ती अंडी माझ्याकडे येतात. कोचीन स्वतःची, गावठीची, बदकाचीही अंडी उबवते. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस, बदकाच्या बहुतेक जातींना २८. मोठ्या कोचीनखाली १२ ते १५ अंडी राहतात, बँटमखाली सहा-सात. आजी नेहमी विषम संख्येने अंडी घालायची आणि डालग्यात लोखंडी खिळा नि कोळसा ठेवायची, विजेने अंडी गार पडू नयेत म्हणून. खिळा मीही ठेवते. त्याने काय होतं ते मला विचारू नका.

कोचीनचीच पिल्लं हवी असतील तर कोंबडा आणि कोंबडी दोघांच्याही शेपटीखालची पिसं आधी कापा; दाट पिसांमुळे जोडा नीट लागत नाही आणि निम्मी अंडी पोकळ निघतात. अंगणात गावठी कोंबडा असेल तर कोचीनचा गट तीन आठवडे त्याच्यापासून वेगळा ठेवून मगच अंडी जमवायला घ्या, नाहीतर अर्धवट पायमोज्यांची पिल्लं निघतील. जमवलेली अंडी धुऊ नका. टोक खाली करून गार जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत रवणीला घाला.

बसवायची संध्याकाळी. वेगळ्या, अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात, रुंद टोपलीत तुसाचा थर आणि वर थोडं सुकं गवत. पहिले दोन दिवस खाली दोन टाकाऊ अंडी ठेवून बघा. पक्की बसली की रात्री खरी अंडी सरकवा. सगळी एकाच वेळी, पेन्सिलीने खूण करून, म्हणजे मागून कोणी घातलेलं अंडं ओळखता येतं. काही कोचीन इतक्या निष्ठेने बसतात की उठतच नाहीत. रोज एकदा उचलून खाण्यापाण्याजवळ ठेवा. पंखाखाली अंडं अडकलेलं असतं, तेव्हा उचलताना आधी पंख सैल करा.

सातव्या आणि चौदाव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर अंडं धरा. सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. निर्मळ दिसलं तर पोकळ, काढून टाका. नासकं अंडं फुटलं तर सगळी रवण बिघडते. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. मोठ्या कोचीनखाली एखाद-दुसरं पिल्लू दबून मरतं. तिच्या वजनाचा तो दोष आहे. म्हणूनच टोपली खोल नको, परातीसारखी पसरट हवी.

महिना कुठला? दसऱ्यानंतर ते शिमग्यापर्यंत. नोव्हेंबरात बसवली की डिसेंबरात पिल्लं आणि मृगापर्यंत ती सहा महिन्यांची होतात. शिमग्यानंतर बसवाल तर पिल्लं ऐन उन्हाळ्यात वाढतील आणि पायाला पिसं फुटायच्या वयात पाऊस गाठेल. मे ते ऑगस्टमध्ये खुडूक झालेल्या कोंबडीची खुडूक मोडा : तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, उंचावर, खालून वारा लागेल असं तीन-चार दिवस, खाणंपाणी देऊन. वजनदार कोंबडीला जाळीवर ठेवायचं ते एवढ्यापुरतंच. पाण्यात बुचकळण्याची आणि नाकात पीस घालायची जुनी रीत कोचीनवर करू नका. तिची पिसं वाळायला दिवस जातो आणि ती हटत तर नाहीच.

पिल्लं आणि लसी

कोचीन आई असली की तुम्हाला फार काम नाही. सहा-आठ आठवडे ती पंखाखाली घेते. आईशिवाय वाढवायची असतील तर बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली गर्दी करतात की लांब पळतात हे बघून बल्ब खाली-वर करा. पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, पिल्लू बुडत नाही आणि पायही भिजत नाहीत.

मानमोडी म्हणजे रानीखेत. हिरवट पातळ शिट, मान वाकडी, आणि दोन-तीन दिवसांत खुराडा रिकामा. इलाज नाही, लसच. सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे रानीखेतच्याच लसीचा, थेंब डोळ्यात, चौदाव्याला गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या रानीखेतच्या दुसऱ्या लसीचं इंजेक्शन, त्याच सुमारास देवीची लस. आमच्यासारख्यांची अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त कोंबड्यांची येते. मग वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवायचा, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून जा.

पावसाळी ओलीत तीन-सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण होते. लाल शिट दिसली की वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पाण्यातून औषध देतात. अंथरूण तेव्हाच पूर्ण बदलायचं.

मुंगूस, घार, कांडेचोर आणि शेजारचा कुत्रा

यांत शेवटचा सगळ्यांत जास्त कोंबड्या मारतो आणि त्याच्यावरून भांडणंही सगळ्यांत जास्त होतात. कोचीन पळू शकत नाही, उडू शकत नाही, तेव्हा दिवसाही मोकाट सोडायची नाही. बँटमच्या पिल्लांवर घार नजर ठेवते. अंगणावर जुनं मासेमारीचं जाळं ताणलं की झालं. अंधार पडायच्या आत दार लावा, कडी अशी लावा की कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, उघडता येणार नाही. अंडी संध्याकाळी काढा आणि पावसात टॉर्च मारल्याशिवाय खोक्यात हात घालू नका. साप अंड्यांसाठी येतो. मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

जास्तीचे कोंबडे

निम्मी पिल्लं नर निघणारच. खुराड्यात दोन मोठे कोंबडे झाले की शांत स्वभावाची ही जातही एकमेकांच्या पायांची पिसं उपटते. पाहुणे आले की कोंबड्याकडे बघून "किती किलो पडेल?" असं विचारतातच. पिसांवर जाऊ नका. दिसतो त्याच्या निम्मा असतो, आणि वड्यांबरोबर वाढण्याजोगा व्हायला आठ महिने खातो; तेवढ्या खाद्यात दोन गिरिराज होतात. मी ते नोव्हेंबरात अदलाबदलीला देते, एका कोंबड्याला दुसऱ्या घरची एक तलंग. त्याने रक्तही बदलतं. गेल्या वर्षीचा आमचा बदामी कोंबडा खालच्या वाडीत गेलाय. त्यांनी अजून त्याच्या पायाची पिसं कापलेली नाहीत आणि मृगाला पंधरा दिवस उरलेत, तेव्हा उद्या कात्री घेऊन जायचंय.